बुडालेल्या रोजाचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठे महांकाळ आणि मिरज तालुक्याच्या पूर्व भागात ऑक्टोबरची फळछाटणी सुरू झाली की पुढचे चार-पाच महिने द्राक्षबागेतले बहुतेक काम बायकांच्या टोळ्यांवर चालते. काडीला पेस्ट लावणे, फूट काढणे, विरळणी (घडातले जादा मणी कात्रीने काढणे), डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि शेवटी बेदाण्याच्या शेडवरची निवडणी, यांतले प्रत्येक काम ठरलेल्या दिवसांतच उरकावे लागते, कारण घडाची वाढ कुणासाठी थांबत नाही. म्हणून बागायतदार टोळीला उक्ते काम देतो, टोळीची म्होरकी बायका मोजून नेते, आणि एखादी कमी पडली तर तिच्या वाटणीच्या ओळी बाकीच्यांच्या अंगावर येतात. अशा टोळीत चौथ्या-पाचव्या महिन्याची एखादी गरोदर बाई असतेच. उपकेंद्रात तपासणी असते त्या सकाळी तिला काय ते ठरवावे लागते. तपासणी मोफत आहे, रक्त-लघवीची चाचणी मोफत आहे, लोहाच्या गोळ्याही मोफत आहेत. पण त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि टोळीतली तिची जागा दुसरीला गेली तर नुकसान त्या एका दिवसावर भागत नाही. आपल्या खेड्यांतल्या माता-बालकांच्या आरोग्याविषयी विचार करताना मी वारंवार या बुडालेल्या रोजापाशी येते. दवाखाना किती लांब आहे यापेक्षा तिथे जाण्याचा दिवस त्या बाईला परवडतो का, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

माझ्या जाऊबाई गावात आशा म्हणून काम करतात. हजार लोकवस्तीमागे एक आशा असा सर्वसाधारण नियम आहे, पण आमच्याकडे वस्त्या मळ्यामळ्यांत विखुरलेल्या असल्यामुळे त्यांची निम्मी शक्ती चालण्यातच जाते. सवड मिळेल तेव्हा मी त्यांच्याबरोबर असते. विरळणीच्या ऐन घाईत आम्ही अशाच एका बागेत गेलो होतो. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि हातात बारकी कात्री घेतलेल्या बायका मांडवाखाली ओळीने उभ्या होत्या. हे काम मान वर करून, दोन्ही हात खांद्यांच्या वर धरून दिवसभर करावे लागते. त्यांतल्या एकीला पाचवा महिना होता आणि ही तिची दुसरी खेप होती. जाऊबाईंनी वही उघडून तिच्या नावापुढचे कोरे रकाने तिला दाखवले, तेव्हा कात्री न थांबवता ती म्हणाली, “आक्का, आज आले तर उद्या टोळीत कोण घेणार? एवढी बाग उरकू दे, मग येते की.” जाऊबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग जवळजवळ पांढरा होता. पहिल्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन साडेआठ भरले होते. गरोदरपणात ते अकराच्या खाली आले की रक्तक्षय धरला जातो आणि सातच्या खाली गेले की तो तीव्र समजतात. गोळ्या घेतेस का, असे विचारल्यावर तिने जेवणाच्या पिशवीतून पाकीट काढून पुढे केले. त्यातल्या चारच गोळ्या कमी झाल्या होत्या. “खाल्ली की मळमळतंय, पोट धरतंय. आणि बाहेरला जायला हितं आडोसा कुठाय?”

तिच्या या प्रश्नात आरोग्याचे सबंध शास्त्र आहे, असे मला मनापासून वाटते. लोहाच्या गोळीने काहींना मळमळ होते आणि शौचाला कडक होते. घरी असलेली बाई त्यावर काहीतरी उपाय करते, पण उघड्या माळावरच्या बागेत दहा तास राबणारी बाई गोळीच सोडून देते. आडोसा नसल्यामुळे ती दिवसभर पाणीही जपून पिते. त्यातून लघवीच्या जागेचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो अंगावर काढला तर मूल दिवस भरण्याआधीच जन्माला येण्याचा धोका वाढतो. बागेत दोन वेळा चहा होतो, त्या चहाबरोबर गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही. तीच गोळी लिंबू पिळलेल्या कालवणाबरोबर किंवा जेवणानंतर काही वेळाने घेतली तर लागते. हे आशाताई सांगतात, बायकांना ते कळतेही. पण टोळीचे वेळापत्रक ज्याच्या हातात आहे, त्याला आजवर हे कुणी सांगितलेले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. हे मोठे यश आहे आणि त्यामागे खूप माणसांचे कष्ट आहेत. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, आहार आणि वाहन मोफत केले, आणि आता मध्यरात्री कळा सुरू झाल्या तरी १०२ किंवा १०८ ला फोन करण्याची सवय वस्तीवरच्या माणसांना लागली आहे. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० च्या नमुना नोंदणी पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले. परंतु त्याच कुटुंब सर्वेक्षणाचे पुढचे पान उलटले की १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळतात, आणि त्याआधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. म्हणजे जे काम एका दिवसात, एका गाडीने आणि एका खाटेवर होते, ते आपण सुधारले. जे रोज लागते, नऊ महिने आणि पुढची दोन वर्षे लागते, ते ताट, ती विश्रांती आणि तो वेळ मात्र आपल्याला पोहोचवता आलेला नाही, कारण त्याचा संबंध दवाखान्याशी कमी आणि मजुरीशी जास्त आहे.

मजुरीचा विषय निघाला की प्रसूती रजेची आठवण होते. संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ती मिळायलाच हवी. बागेतल्या बाईसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ मान्य केला, आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या खेपेला पाच हजार रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरी खेप असेल तर मुलगी झाल्यावर सहा हजार मिळतात. पाच हजार रुपये त्या २६ आठवड्यांवर, म्हणजे १८२ दिवसांवर वाटून पाहिले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. साडेसत्तावीस रुपयांसाठी कोणती बाई रोजावर जायचे थांबेल? शिवाय आधार, बँक खाते आणि नाव-पत्ता यांची जुळणी होईपर्यंत ही रक्कम बहुधा बाळंतपणानंतरच हातात पडते, आणि तोवर ती दुकानदाराच्या वहीत आधीच खर्ची पडलेली असते. विश्रांतीसाठी दिलेला पैसा विश्रांतीच्या काळात हातात आला नाही, तर तो त्या कामाचा राहत नाही. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर तेवढेही नाही. बाईच्या अंगातले रक्त मात्र दोन्ही खेपांना सारखेच आटते.

घरातला हिशेबही पाहिला पाहिजे. आमच्या भागात दावणीला एक-दोन म्हशी नाहीत असे घर विरळाच. पण दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जाते आणि दर दहा दिवसांनी बिल येते. त्या बिलातून सोसायटीचा हप्ता, पेंडीची पोती आणि पोरांच्या फी भागतात. घरात चहापुरते दूध उरते. कोंबडीची अंडी बाजारात जातात. घरातली सून सगळ्यांची जेवणे झाल्यावर बसते, आणि तोवर भाकरी आणि तळाशी राहिलेले कोरड्यास एवढेच उरलेले असते. या जागी सासूला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि आरोग्याच्या पुष्कळ भाषणांत तसे केलेही जाते. मला ते पटत नाही. त्या सासूनेही कळा येईपर्यंत भांगलण केलेली असते, तिच्याही वाट्याला कधी पेलाभर दूध आलेले नसते, आणि दहा दिवसांच्या बिलावर घर चालवणाऱ्या बाईला एक लिटर दूध म्हणजे काय ते चांगले माहीत असते. मुले खुजी राहतात याचे कारण अज्ञान आहे असे आपण लिहितो, तेव्हा या घराचे कर्ज आपल्या नजरेतून सुटलेले असते.

द्राक्षपट्ट्यातल्या बाईला निदान संध्याकाळी स्वतःच्या घरी परतता येते. जत आणि आटपाडीकडच्या अनेक कुटुंबांना दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघावे लागते. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर असते आणि या जोडीलाच एक कोयता म्हणतात. बाई आजारी पडली की तो अर्धा कोयता होतो, आणि पडलेला खाडा उचलीच्या हिशेबात चढतो. पहाटे अंधारात फडावर जायचे, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचे, आणि परत पालावर येऊन चूल पेटवायची, हा क्रम सातव्या महिन्यातही चुकत नाही. तिची नोंद जतच्या उपकेंद्रात, तिच्या पहिल्या मुलाचा आहार जतच्या अंगणवाडीत, आणि ती स्वतः वाळवा किंवा कराड तालुक्यातल्या एखाद्या फडात. स्थलांतरित मातांची नोंद गावोगाव पुढे पाठवण्याची व्यवस्था महिला व बालविकास विभागाने आता उभी केली आहे आणि ती आवश्यकच होती. पण टोळी दर चार दिवसांनी फड बदलत असेल तर नोंद पोहोचेपर्यंत पाल उठलेले असते. साखर कारखान्याला आपल्या गाळपासाठी कोणती टोळी कोणत्या शिवारात आहे याची रोजची खबर असते. तीच यादी त्या गावच्या आरोग्य सेविकेला रोज मिळाली, तर बाईला शोधत फिरण्याची वेळ येणार नाही. हे कठीण काम नाही, आणि अजून झालेले नाही याचे मला फार वाईट वाटते.

याच कोयत्याचा दुसरा परिणाम मुलींच्या लग्नाच्या वयावर होतो. जोडी असेल तरच पूर्ण उचल मिळते, आणि आई-बाप फडावर गेल्यावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला घरी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न खरा असतो. त्यामुळे हंगाम तोंडावर आला की घाईने लग्ने उरकली जातात. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सगळ्यांना माहीत आहे; तरीही त्याच पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीची स्वतःचीच हाडे अजून वाढत असतात. एकाच ताटातल्या अन्नावर दोन वाढणारे जीव असतात, आणि मग अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचे मूल जन्माला आले की आपण त्याची नोंद कमी वजनाचे म्हणून करतो. त्या मुलीला शिकायला वसतिगृह मिळाले असते तर ही नोंदच झाली नसती. हंगामी वसतिगृहावर केलेला खर्च हा माता-आरोग्यावरचाच खर्च आहे, असे माझे ठाम मत आहे.

पैसा आला म्हणजे हे सगळे आपोआप सुटेल, असे मात्र समजू नये. कृष्णाकाठचे आमचे पाणी, ऊस, कारखाने आणि दूध संघ राज्यभर नावाजलेले आहेत, आणि तरीही २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या, तेव्हा राज्याचे प्रमाण ९१३ होते. जमिनीचे तुकडे पडत गेले, हुंडा वाढत गेला, आणि सोनोग्राफीचे पैसे देण्याची ऐपत आली. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळमध्ये एका विवाहितेच्या गर्भपातातील मृत्यूचा तपास करताना पोलिसांना जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्या बातमीत भ्रूणांची संख्या सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण तो तपास एका आईच्या मृत्यूमुळे सुरू झाला होता, हे मला अधिक लक्षात ठेवण्यासारखे वाटते. मुलगा होईपर्यंतच्या खेपा आणि मध्ये केलेले गर्भपात या सगळ्यांचा भार एकाच शरीरावर पडतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. तो दिवस चांगलाच होता. त्या मुलींच्या आयांना पुढच्या खेपेला काय सोसावे लागले असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही.

बाळंतपणानंतरची परिस्थिती तर अधिकच बिकट आहे, कारण त्या वेळी आई आणि मूल दोघेही सरकारी नोंदीत सुखरूप असतात. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना शेक-शेगडी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू ही आपली जुनी रीत शहाणपणाची होती. ती आज ज्यांच्याकडे चार एकर बाग आहे त्यांच्यात टिकली आहे. मजूर घरातली बाई तितके दिवस थांबू शकत नाही. मूल तान्हे असतानाच ती कामावर येते, आणि बांधावरच्या झाडाला झोळी बांधली जाते. शेजारच्या बागेत ब्लोअरने फवारणी सुरू झाली की वारा कुठला आहे ते पाहून झोळी दुसऱ्या झाडाला हलवावी लागते. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे हे प्रत्येक आईला पाठ आहे, पण ओळीच्या टोकाला पोहोचल्याशिवाय तिला झोळीपाशी जाता येत नाही. मूल घरी ठेवले तर आजी किंवा सात-आठ वर्षांची थोरली बहीण म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजते, आणि त्या पाण्याबरोबर हगवण येते. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, नाचणीची पेज असे काही शिजवून दिवसातून चार वेळा भरवायला घरात माणूस लागते. माणूस नसते, म्हणून पाच रुपयांचा बिस्किटपुडा येतो आणि तो चहात बुडवून भरवला जातो. पोट भरते, मूल रडायचे थांबते, आणि वजनाची रेष तक्त्यावर हळूहळू पिवळ्या पट्ट्यात उतरते. त्या आईला पोषणाचे तक्ते पुन्हा एकदा समजावून सांगितल्याने ती रेष वर जाणार नाही. मूल सांभाळणारे माणूस मिळाले तर जाईल.

हे माणूस मिळू शकते, याचा दाखला आपल्याच मातीत आहे. रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर त्या योजनेची कामे निघाली आणि तिथे बाईला गड्याइतकाच रोज मिळाला. पुढे देशासाठी २००५ मध्ये जो रोजगार हमी कायदा झाला, त्यात सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आली असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करून तिलाही मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, ती अंगठा उठवणाऱ्या बायकांनी स्वतःच्या नावावर बचत ठेवता यावी म्हणून. बाईच्या हातात तिचा पैसा असला की दवाखान्यात जायचे की नाही हे तिला कुणाला विचारावे लागत नाही, असे मी माझ्या डोळ्यांनी अनेक घरांत पाहिले आहे.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी शिलाई यंत्रे, खुर्च्या आणि हळदी-कुंकवाच्या वाणात संपतो. येत्या फळछाटणीच्या आधी आमच्या गावच्या महिला ग्रामसभेत आम्ही दोन मागण्या ठेवणार आहोत. पहिली, छाटणीपासून बेदाणा उतरेपर्यंत जुन्या शाळेच्या खोलीत पाळणाघर चालवावे, त्यात दोन बायका रोजावर नेमाव्यात आणि तान्ह्या मुलांच्या आयांना दुपारी दूध पाजायला येण्याची मुभा बागायतदाराने उक्त्याच्या बोलीतच द्यावी. दुसरी, गरोदर मातांची तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी, कारण त्या दिवशी टोळ्यांना सुट्टी असते आणि कुणाचाच रोज बुडत नाही. आरोग्य सेविकाताईंनी या दुसऱ्या मागणीला आपल्याकडून तयारी दाखवली आहे. पाळणाघराच्या खर्चावर सरपंचांचे अजून समाधान झालेले नाही, म्हणून अर्जावर सह्या गोळा करणे चालू आहे. ते काम टोळ्यांच्या म्होरक्यांनीच अंगावर घेतले आहे, कारण कोणत्या बाईला कितवा महिना लागला हे आशाताईंच्याही आधी त्यांनाच कळते.